लॉटी डॉड, पंधराव्या वर्षी विम्बल्डन जिंकणारी मुलगी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी विम्बल्डन सुरू झालं की 'सर्वांत लहान विजेती कोण?' हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या प्रश्नमंजुषेत येतोच. उत्तर असतं लॉटी डॉड, साल 1887. तिच्याबद्दलची माहिती बहुतेकदा तिथेच संपते. खरं तर या बाईंचं आयुष्य त्या एका ओळीत मावणारं नाही. वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, पण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

लॉटी डॉड नेमकी कोण?

पूर्ण नाव शार्लट डॉड. जन्म 24 सप्टेंबर 1871 चा, इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यातल्या बेबिंग्टनचा. विम्बल्डनची महिला एकेरी तिने पाच वेळा जिंकली : 1887, 1888, 1891, 1892 आणि 1893. जेव्हा जेव्हा ती तिथे एकेरी खेळायला उतरली, तेव्हा तेव्हा जिंकूनच परतली. पुढे ती हॉकीत इंग्लंडकडून खेळली, गोल्फची ब्रिटिश विजेती झाली आणि तिरंदाजीत ऑलिम्पिकचं रौप्यपदक तिने मिळवलं. हे सगळं एकाच बाईने केलं. पहिल्यांदा वाचताना माहितीत काही घोळ आहे का, अशी शंका यावी इतकं हे विलक्षण आहे.

घरची परिस्थिती कशी होती?

उत्तम. वडील जोसेफ डॉड लिव्हरपूलमधले कापसाचे दलाल होते आणि कापसात त्यांनी भरपूर पैसा कमावला होता. लिव्हरपूलचा कापूस बाजार आपल्याला परका नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि याच बाजारातल्या भावांवर मुंबईचे व्यापारी एका रात्रीत लक्षाधीश झाले. युद्ध संपल्यावर 1865 मध्ये त्याच भावांनी मुंबईत अनेकांचं दिवाळं काढलं.

डॉड कुटुंबात चार भावंडं होती : अ‍ॅनी, विल्यम, टोनी आणि सगळ्यांत धाकटी लॉटी. मुलांना पोटापाण्याची चिंता नव्हती, शिक्षणही घरीच मास्तर लावून झालं. 'एजवर्थ' नावाच्या त्यांच्या घराच्या आवारात टेनिसची दोन कोर्टं होती, एक हिरवळीचं आणि एक कडक पृष्ठभागाचं. त्या काळात अशी चैन फार थोड्या घरांत होती. लॉटीचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. तेवढीच गुणी असलेली एखादी गिरणी कामगाराची मुलगी या खेळाच्या वाऱ्यालाही उभी राहू शकली नसती.

तिला शिकवलं कोणी? कोच होता का?

आज ज्याला कोच म्हणतो तसा कोणी नव्हता. मुळात खेळच नवा होता. मेजर विंगफिल्ड यांनी लॉन टेनिसचं पेटंट घेतलं 1874 मध्ये, म्हणजे लॉटी तेव्हा अवघी अडीच वर्षांची होती. विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली 1877 मध्ये. ती स्पर्धा फक्त पुरुषांची होती आणि स्पेन्सर गोर यांनी ती जिंकली. लॉटी खेळापेक्षा वयाने मोठी होती. 'असंच खेळायचं' असं सांगणारी पक्की परंपराच तेव्हा तयार झाली नव्हती.

नवव्या वर्षाच्या सुमारास तिने रॅकेट हातात घेतली. समोर कोण असायचं, तर थोरली बहीण आणि दोन भाऊ. तिच्या खेळाचं मूळ मला इथेच दिसतं. त्या काळच्या बहुतेक मुली बागेतल्या चहापार्टीत, पाहुण्यांशी गप्पा मारत, हळूहळू चेंडू पलीकडे टोलवायच्या. लॉटीला मात्र धाकटी म्हणून सवलत द्यायच्या मनःस्थितीत नसलेल्या, तिच्याहून दांडग्या भावांचे फटके परतवावे लागत होते. त्यामुळे जोरात धावणं, नेटजवळ जाऊन चेंडू जमिनीवर पडायच्या आतच मारणं या गोष्टी तिच्या अंगवळणी पडल्या. वर्तमानपत्रांनी पुढे तिला 'चमत्कार' म्हटलं, पण तो चमत्कार एजवर्थच्या अंगणात वर्षानुवर्षं घाम गाळून घडला होता.

'लिटल वंडर' हे नाव कसं पडलं?

1883 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, ती बहीण अ‍ॅनीबरोबर मँचेस्टरच्या नॉर्दर्न स्पर्धेत दुहेरी खेळली. मुख्य स्पर्धेत या जोडीला लवकर हार पत्करावी लागली, पण हरलेल्यांसाठीची स्पर्धा त्यांनी जिंकली. बघणाऱ्यांच्या नजरेत ही चिमुरडी भरली.

दोन वर्षांनी त्याच स्पर्धेत तिने मॉड वॉटसनला चांगलंच झुंजवलं. मॉड वॉटसन म्हणजे विम्बल्डनची पहिली महिला विजेती. महिला एकेरी तिथे सुरू झाली 1884 मध्ये, तेरा जणींमध्ये. अंतिम फेरीत मॉडने आपल्याच बहिणीला, लिलियनला, हरवलं होतं. बक्षीस होतं 20 गिनी किमतीची चांदीची फुलांची परडी. 1885 चं विजेतेपदही मॉडचंच. अशा खेळाडूला तेरा वर्षांच्या मुलीने घाम फोडला, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला 'लिटल वंडर' ठरवून टाकलं.

पुढच्या वर्षी, 1886 मध्ये, बाथच्या स्पर्धेत लॉटीने मॉडला सरळ हरवलं. मॉडने त्याआधी सलग पन्नासहून अधिक सामने जिंकले होते. ती मालिका तोडणारी मुलगी चौदा वर्षांची होती.

1887 चा तो अंतिम सामना कसा झाला?

विम्बल्डन तेव्हा आजच्या जागी नव्हतं. वर्पल रोडवरच्या जुन्या मैदानात स्पर्धा भरायची. चर्च रोडवर ती आली 1922 मध्ये. समोर होती गतविजेती ब्लांश बिंगली, तेवीस वर्षांची, फोरहँड जबरदस्त आणि चिकाटी त्याहून जबरदस्त.

निकाल लागला 6-2, 6-0. दुसरा सेट दहाच मिनिटं चालला. तेवढ्या वेळात तिने सहा गेम घेतले. त्या दिवशी तिचं वय होतं 15 वर्षं आणि 285 दिवस. विम्बल्डनच काय, चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांमध्ये, पुरुष आणि महिला मिळून, एवढ्या लहान वयात एकेरीचं विजेतेपद तिच्यानंतर कुणालाही मिळालेलं नाही.

महिला विजेतीला दिली जाणारी प्रसिद्ध चांदीची तबकडी, 'व्हीनस रोझवॉटर डिश', 1886 पासून दिली जाऊ लागली. म्हणजे आज सेंटर कोर्टावर विजेती जी तबकडी उंचावते, तीच लॉटीच्याही वाट्याला आली होती.

'चॅलेंज राउंड' म्हणजे काय? विजेतीला आयताच अंतिम सामना मिळायचा का?

हो, तेव्हाची पद्धत तशीच होती. बाकीच्या सगळ्या जणी आपापसात खेळायच्या आणि त्यांतून एक पुढे यायची. तिने मग गतविजेतीला आव्हान द्यायचं. गतविजेती तोवर निवांत, तिला तो एकच सामना खेळावा लागे. गतविजेती आलीच नाही, तर आव्हान देणारीच विजेती ठरे.

त्यामुळे 1888, 1892 आणि 1893 ही तीन विजेतेपदं लॉटीने एकेक सामना जिंकून मिळवली. 1887 आणि 1891 मध्ये मात्र तिने खालच्या फेऱ्यांतून वर येऊन विजेतेपद घेतलं. आकडे वाचताना हा फरक लक्षात ठेवावा. पण एकच सामना मिळाला तरी समोर त्या वर्षी बाकी सगळ्यांना हरवून, हात गरम करून आलेली खेळाडू असायची. वर्षभर विम्बल्डनच्या हिरवळीवर पाय न ठेवता थेट तिच्यासमोर उभं राहणं हे काही सोपं काम नव्हे.

जेमतेम पाच-सहा जणीच खेळत असतील, तर त्यात मोठं ते काय?

हा प्रश्न रास्त आहे आणि टाळण्यासारखा नाही. 1887 ला महिलांच्या एकेरीत अर्धा डझनाच्या आसपास नावं होती. 1890 मध्ये तर चारच. आज मुख्य फेरीत 128 खेळाडू असतात. या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत, आणि घालूही नयेत.

पण ज्या होत्या त्या कच्च्या नव्हत्या. ब्लांश बिंगली, लग्नानंतरची ब्लांश हिलयार्ड, हिने विम्बल्डन सहा वेळा जिंकलं : 1886, 1889, 1894, 1897, 1899 आणि 1900. पहिलं विजेतेपद आणि शेवटचं यांत चौदा वर्षं गेली. अशी खेळाडू विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात लॉटीसमोर पाच वेळा आली आणि पाचही वेळा हरली. माझ्या मते लॉटी किती मोठी होती याचं सर्वांत खात्रीचं माप हेच आहे. नावं किती होती हे मोजण्यापेक्षा कोणाला हरवलं ते बघावं. ब्लांशबद्दल मला फार आदर वाटतो. पाच वेळा हरूनही ती दरवेळी पुन्हा आली, आणि लॉटी गेल्यावर आणखी चार वेळा जिंकून दाखवलं.

आणखी एक. आपल्या संपूर्ण कारकिर्दीत लॉटी खुल्या स्पर्धांमध्ये एकेरीत पाचच वेळा हरली.

ती खेळायची कशी? सर्व्हिस खालूनच करायची ना?

हो. सर्व्हिस ती हात खालून फिरवूनच करायची आणि चेंडूला फिरकी देण्याच्या फारशा भानगडीत पडायची नाही. आजच्या डोळ्यांना ते जुनाट वाटेल. तिची खरी ताकद सर्व्हिसनंतर दिसायची. बाकीच्या बायका बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर, उभ्या राहून एकमेकींच्या चुकीची वाट बघत. लॉटी पुढे यायची, चेंडू टप्पा पडायच्या आत मारायची (व्हॉली) आणि उंच चेंडू दिसला की डोक्यावरून स्मॅश. चेंडू कुठे पडणार हे तिला आधीच कळतं, असं बघणाऱ्यांना वाटे. तिचा फटकाही त्या काळच्या बायकांच्या मानाने चांगलाच जोरकस होता.

1890 मध्ये निघालेल्या एका क्रीडा ग्रंथमालेत महिलांच्या टेनिसवर तिने प्रकरण लिहिलं. त्यात तिचा रोख स्पष्ट आहे : बायकांनी कोर्टवर नुसतं डौलात चालू नये, जीव खाऊन धावायला शिकावं. हे लिहिताना ती एकोणीस वर्षांचीही नव्हती किंवा नुकतीच झाली होती. तेव्हाच्या सभ्य समाजात बाईने घाम येईपर्यंत पळणं हे अशोभनीय मानलं जाई. तिने कसलीही माफी न मागता ते खेळाचं पहिलं सूत्र म्हणून मांडलं.

तिच्या कपड्यांबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण कपड्यांचा थेट परिणाम खेळावर होत होता. प्रौढ खेळाडू घोट्यापर्यंतचा घेरदार झगा, आत पेटीकोट आणि कमरेला आवळलेली कॉर्सेट अशा थाटात कोर्टवर उतरत. कॉर्सेटमध्ये पूर्ण श्वास घेणंच कठीण, तिथे मागे पळत जाऊन चेंडू गाठणार कसा? लॉटी शाळकरी वयाची होती, म्हणून तिला पोटरीपर्यंतचा आखूड स्कर्ट चालून गेला. डोक्यावर क्रिकेटसारखी टोपी.

'तिला कपड्यांचा फायदा मिळाला' असं काही जण म्हणतात. मिळाला, यात शंका नाही. पण हाच न्याय लावायचा तर 1893 मध्ये ती एकवीस वर्षांची बाई होती, शाळकरी मुलगी नव्हती, आणि तेव्हाही जिंकलीच. शिवाय फायदा कपड्यांचा म्हणण्यापेक्षा बाकीच्यांना कपड्यांचा तोटा होता असं म्हणावं. आपल्या लिखाणात लॉटीनेही हेच सांगितलं : अंग मोकळं हलू देणार नाही असे कपडे घालून चांगला खेळ व्हायचाच नाही. आपल्याला मिळालेली सवलत तिने सगळ्या बायकांसाठी मागितली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

ती पुरुषांविरुद्ध खेळली होती हे खरं आहे का?

खरं आहे. सर्वांत गाजलेला सामना 1888 मध्ये एक्समथला झाला, अर्नेस्ट रेनशॉविरुद्ध. अर्नेस्ट त्याच वर्षीचा विम्बल्डन विजेता. त्याचा जुळा भाऊ विल्यम याने विम्बल्डन सात वेळा जिंकलं. रेनशॉ बंधू म्हणजे त्या काळच्या पुरुष टेनिसचे अनभिषिक्त राजे.

लॉटीला प्रत्येक गेममध्ये दोन गुणांची आघाडी दिली होती, म्हणजे टेनिसच्या मोजणीत गेम सुरू व्हायचा तोच 30-0 वर. पहिला सेट तिने 6-2 घेतला. मग अर्नेस्टला जाग आली असावी, कारण पुढचे दोन सेट त्याने 7-5, 7-5 असे जिंकले. आघाडी मिळाली म्हणून या सामन्याला कमी लेखू नये. प्रत्येक गेम जिंकायला आणखी किमान दोन गुण तर स्वतःच मिळवावे लागतात, आणि समोर जगातला सर्वोत्तम पुरुष खेळाडू उभा होता. सोळा वर्षांच्या मुलीने त्याला तिसऱ्या सेटच्या बाराव्या गेमपर्यंत ओढत नेलं.

1889 आणि 1890 मध्ये ती विम्बल्डनला का नव्हती?

1889 मध्ये ती मित्रमंडळींबरोबर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर शिडाच्या बोटीतून फिरत होती. स्पर्धेसाठी तिथून परत यावं असं तिला वाटलं नाही. त्या वर्षी ब्लांश जिंकली. 1890 मध्येही लॉटी उतरली नाही, तेव्हा विजेतेपद आयर्लंडच्या लीना राइसने घेतलं.

आजच्या वाचकाला हे अजब वाटतं. गतविजेती सहलीला गेली म्हणून विम्बल्डन सोडते? पण तिला ना क्रमवारीचे गुण जपायचे होते, ना प्रायोजक. खेळ तिच्यासाठी आनंदाचा भाग होता, नोकरी नव्हती. तेव्हा शिडाच्या बोटीत जास्त आनंद असेल तर बोटच बरी.

या विजेतेपदांचे पैसे किती मिळाले?

रोख काहीच नाही. विम्बल्डन 1968 पर्यंत फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. मानचिन्हं, चांदीच्या वस्तू मिळत. म्हणूनच घरची श्रीमंती हा तिच्या कथेचा पाया आहे.

1893 मध्ये काय घडलं आणि तिने टेनिस का सोडलं?

1893 चा अंतिम सामना तिच्या पाचही सामन्यांत सर्वांत अवघड गेला. समोर अर्थातच ब्लांश हिलयार्ड. पहिला सेट ब्लांशने 8-6 घेतला. विम्बल्डनवर एकेरीत लॉटीने गमावलेला हा एकमेव सेट. दुसरा तिने 6-1 असा परत घेतला आणि तिसऱ्यात 6-4 ने निसटता विजय मिळवला. विजेतेपदांची हॅटट्रिक झाली, आणि तिने मोठ्या स्पर्धांमधून टेनिस सोडलं. वय एकवीस.

का सोडलं? तिच्या पुढच्या आयुष्याकडे पाहिलं की उत्तर आपोआप मिळतं. एखादा खेळ पुरता कळला, हाताखाली आला, की तिचं मन पुढच्या न आलेल्या गोष्टीकडे धावायचं. टेनिसमध्ये जिंकायचं राहिलं असं काही उरलं नव्हतं. शिकायचं मात्र जगात भरपूर उरलं होतं.

मग पुढे तिने काय काय केलं?

आधी बर्फ. स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झला जाऊन ती आइस स्केटिंग शिकली. तिथली महिलांची परीक्षा तिने 1896 मध्ये पार केली, आणि तेवढ्यावर समाधान न मानता पुढच्या वर्षी पुरुषांची त्याहून कठीण परीक्षाही दिली आणि पार केली. तिथल्या सुप्रसिद्ध क्रेस्टा रनच्या बर्फाळ उतारावरून ती घसरगाडीतून सुसाट खाली गेली. फेब्रुवारी 1896 मध्ये, ऐन हिवाळ्यात, एलिझाबेथ मेन या नामांकित गिर्यारोहक महिलेसोबत तिने सुमारे 4,000 मीटर उंचीचं पिझ झुपो हे शिखर गाठलं. याच मेनबाई पुढे महिलांच्या आल्पाइन क्लबच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. भाऊ टोनीबरोबर लॉटी सायकलवरून इटलीतही भटकली.

मग हॉकी. 1897 मध्ये घराजवळच्या स्पिटल गावात महिलांचा हॉकी क्लब उभा करण्यात तिचा पुढाकार होता, आणि दोनच वर्षांत ती इंग्लंडच्या संघात होती. 1900 मध्ये इंग्लंडने आयर्लंडला 2-1 असं हरवलं, त्यातले दोन्ही गोल लॉटीचे.

गोल्फची विजेती ती खरंच झाली?

झाली, आणि तेही सहजासहजी नाही. ब्रिटिश महिला गोल्फ स्पर्धेत 1898 आणि 1900 मध्ये ती उपांत्य फेरीपर्यंत जाऊन थांबली होती. टेनिसमध्ये जे तिला पंधराव्या वर्षी जमलं, त्यासाठी गोल्फने तिला वर्षानुवर्षं झुलवलं. त्यात सायटिकाचं, म्हणजे कमरेपासून पायात कळ जाण्याचं, दुखणं जडलं.

1904 मध्ये स्कॉटलंडमधल्या ट्रूनला स्पर्धा भरली. अंतिम फेरीत गाठ पडली मे हेझलेटशी. मे तेव्हा वयाने विशीतली होती, पण ही स्पर्धा तिने आधीच दोनदा, 1899 आणि 1902 मध्ये, जिंकलेली. लॉटी बत्तीस वर्षांची. सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला आणि लॉटी एका होलने जिंकली. टेनिस आणि गोल्फ या दोन्ही खेळांची ब्रिटिश विजेती झालेली ती एकमेव महिला आहे.

त्यानंतर ती अमेरिकेत फिलाडेल्फियाला तिथल्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला गेली. तिथे मात्र पहिल्याच फेरीत हरली.

ऑलिम्पिक पदक टेनिसचं नव्हतं?

नव्हतं. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. महिलांचं टेनिस ऑलिम्पिकमध्ये आलं 1900 मध्ये, तोवर लॉटीने टेनिस सोडून सात वर्षं झाली होती. तिचं पदक तिरंदाजीतलं आहे, 1908 च्या लंडन ऑलिम्पिकमधलं.

डॉड भावंडं 1905 मध्ये दक्षिणेत न्यूबरीजवळ राहायला गेली आणि तिथल्या वेलफर्ड पार्कच्या तिरंदाजांच्या मंडळात सामील झाली. तीनच वर्षांत थेट ऑलिम्पिक. महिलांच्या स्पर्धेत सगळ्या स्पर्धक ब्रिटिशच होत्या. प्रत्येकीने दोन दिवसांत 144 बाण सोडायचे, 96 बाण 60 यार्डांवरून आणि 48 बाण 50 यार्डांवरून. पहिल्या दिवसाअखेर लॉटी आघाडीवर होती. दुसऱ्या दिवशी क्वीनी न्यूऑल पुढे गेली आणि 688 गुणांनी सुवर्ण घेऊन गेली. लॉटीचे गुण 642. क्वीनीचं वय तेव्हा त्रेपन्न होतं. या स्पर्धेबद्दल बोलताना लॉटीच्या चाहत्यांनीही क्वीनीला सलाम करायला हवा.

त्याच ऑलिम्पिकमध्ये भाऊ विल्यमने पुरुषांच्या तिरंदाजीत सुवर्ण जिंकलं. ऑलिम्पिकमध्ये पदकं मिळवणारी बहीण-भावाची ही पहिली जोडी.

लग्न, संसार, शेवटचे दिवस?

तिने लग्न केलं नाही. पहिल्या महायुद्धात न्यूबरीजवळच्या स्पीनच्या लष्करी रुग्णालयात तिने रेड क्रॉसतर्फे सेवा केली आणि त्याबद्दल तिला सुवर्णपदक मिळालं. आघाडीवर जायची तिची तयारी होती, पण सायटिकामुळे ते जमलं नाही. नंतरची वर्षं लंडन आणि डेव्हनमध्ये गेली. गळा चांगला होता, लंडनच्या नावाजलेल्या वृंदगायन मंडळात ती गायची. विम्बल्डनला मात्र प्रेक्षक म्हणून म्हातारपणीही नेमाने जायची. भाऊ विल्यम 1954 मध्ये गेला. 27 जून 1960 रोजी, हॅम्पशायरमधल्या स्वे इथल्या शुश्रूषागृहात, रेडिओवर विम्बल्डनचं समालोचन ऐकत असताना, वयाच्या 88 व्या वर्षी तिचं निधन झालं. 1983 मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव घेतलं गेलं.

मार्टिना हिंगिसने तिचा विक्रम मोडला ना?

अर्धवट खरं. 1996 मध्ये हेलेना सुकोव्हाबरोबर विम्बल्डनची दुहेरी जिंकली तेव्हा हिंगिस 15 वर्षं 282 दिवसांची होती, म्हणजे लॉटीपेक्षा तीन दिवसांनी लहान. त्यामुळे विम्बल्डनची 'सर्वांत लहान विजेती' हा मान हिंगिसकडे गेला. एकेरीचा विक्रम मात्र आजही लॉटीचाच आहे. प्रश्नमंजुषेत उत्तर देताना प्रश्न एकेरीचा आहे की दुहेरीचा हे आधी विचारून घ्या.

तो मोडणं आता अवघडच आहे. व्यावसायिक महिला टेनिसमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलींनी वर्षाला किती स्पर्धा खेळाव्यात यावर मर्यादा आहेत. कोवळ्या वयात शरीर आणि मन थकून जाऊ नये म्हणून हे नियम आले, आणि ते योग्यच आहेत. विक्रमांपेक्षा मुली सुखरूप राहणं केव्हाही मोलाचं.

आपल्याकडच्या मुली विम्बल्डनला कधी पोहोचल्या?

लॉटीच्या शेवटच्या विजेतेपदानंतर एकेचाळीस वर्षांनी, 1934 मध्ये, मुंबईच्या लीला राव यांनी विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेलला तीन सेटमध्ये हरवलं. विम्बल्डनवर सामना जिंकणारी ही पहिली भारतीय महिला. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अ‍ॅडमॉफने त्यांना हरवलं. पुढच्या वर्षी त्या पुन्हा तिथे खेळल्या.

लॉटीला जसं घरातच खेळायला माणूस मिळालं, तसंच लीलाबाईंनाही मिळालं होतं. त्यांच्या आई म्हणजे पंडिता क्षमा राव. विख्यात विद्वान शंकर पांडुरंग पंडित यांच्या त्या कन्या, आणि गांधीजींच्या सत्याग्रहावर संस्कृतात महाकाव्य लिहिणाऱ्या कवयित्री म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्या स्वतःही स्पर्धांमध्ये खेळणाऱ्या टेनिसपटू होत्या. पुढे लीलाबाईंनीही टेनिसबरोबर संस्कृत लेखन आणि नृत्याचा अभ्यास केला. 1943 मध्ये त्यांचं लग्न राजनैतिक अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी झालं, म्हणून काही ठिकाणी त्यांचं नाव लीला राव दयाळ असं आढळेल. त्यांच्याबद्दल शोधताना दोन्ही नावांनी शोधा.